चार बोटं उंच ओटा

ईरा, निहार,

मागच्या रविवारी व्हिडिओवर निहारने विचारलं, "आजी, दाराच्या मागे ती काठी कसली? मासे पकडायची?" मी हसले आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण गॅसवर दूध होतं. आज दूध तापवून झालं आहे, वर जाळीचं झाकणही ठेवलं आहे. आता सांगते.

ती काठी माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. साध्या बांबूची, इतक्या वर्षांच्या हातांनी पिवळी आणि गुळगुळीत झालेली. नाकाशी धरली की चुलीच्या धुराचा पुसट वास येतो. तुमचा बाबा म्हणतो, हा माझा भास आहे. असू दे. तिच्यावर, माझ्या कमरेच्या जरा वर, दोन जुन्या खाचा आहेत. एकीखाली एक, मध्ये चार बोटांचं अंतर. आयुष्यभर आम्ही त्या काठीने जाळी काढली, पेरू पाडले, वरची झडप ढकलून लावली. पण ती त्यासाठी आणलेली नव्हती. त्या काठीवर आमच्या घराची मापं होती.

ते घर आता नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच प्लॉटवर आता सात मजले उभे आहेत आणि चौथ्या मजल्यावर मी आहे. कोणी हळहळून बोलायला लागलं की मी विषय बदलते, कारण खरं सांगायचं तर मला हा फ्लॅट आवडतो. मी नीटनेटकी बाई आहे. माझ्या मसाल्याच्या बरण्यांवर नावं आहेत आणि त्या नावांच्या क्रमाने लागलेल्या आहेत. जुन्या घरात एका दाराचं माप दुसऱ्या दाराला नव्हतं. हॉलचा पडदा खोलीला आखूड पडायचा. एक खिडकी पावसात फुगायची, एक उन्हाळ्यात आकसायची, आणि कोणती केव्हा रुसेल ते फक्त आईला कळायचं. इथे सगळी दारं एका मापाची. एका बोटाने लागतात. पहिल्या आठवड्यात मी उगाचच दारं लावत आणि उघडत हिंडत होते.

फक्त ओटा. ओट्याशी माझं जमेना.

मी आधीच बुटकी, त्यात वयाने आणखी खाली आले आहे. नव्या ओट्यावर पोळी लाटायची तर खांदे कानाशी जायचे. कढईत काय चाललं आहे ते टाचा उंचावल्याशिवाय दिसायचं नाही. थंडीत तुमचा बाबा आला, तेव्हा कढी उतरवताना पातेलं कललं आणि मनगटावर चटका बसला. एवढासाच. पण त्याने तो पाहिला. मग दोन दिवस दाराशी उभा राहून मला स्वयंपाक करताना पाहत राहिला, आणि निघायच्या आदल्या सकाळी म्हणाला, "आई, मार्च संपेपर्यंत बघू. नाही जमलं तर स्वयंपाकाला बाई ठेव. तेही नको असेल तर आमच्याकडे चल. मी गंमत करत नाहीये."

बाई मी ठेवणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्या भाजीत दुसऱ्याने मीठ घातलेलं मला चालत नाही. म्हणजे उरलं ते एकच. तुमच्याकडे यायला मला मनापासून आवडतं, पोरांनो. पण येणं वेगळं आणि नेलं जाणं वेगळं.

तो गेला त्या दुपारी मी जाळी काढायला काठी हातात घेतली आणि नव्या ओट्याशी टेकवून ठेवली. ओट्याची कड थेट वरच्या खाचेवर आली. केसभरही इकडे-तिकडे नाही. मी तिथेच स्टुलावर बसले आणि एकटीच हसत सुटले. कारण ती वरची खाच माझ्या आत्याची आहे.

*

घर बांधलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. शेजारच्या प्लॉटवर दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो, त्यामुळे घर माझ्या डोळ्यांसमोर उठलं. चुना विरवायला पाण्यात टाकला की तो फसफसायचा, आणि मग त्याला एक गरम, खडूसारखा वास सुटायचा. विटा भिजायच्या तो वास वेगळा. संध्याकाळी ताज्या भिंतींवर पाणी मारायचं, त्याला तराई म्हणत, आणि ते काम मी मागून घेतलं होतं. दिवसभर तापलेली भिंत पाणी प्यायची तेव्हा तिचा बारीक आवाज यायचा. कान लावला तर ऐकू यायचा. मी रोज लावायचे. घरी परतायचे तेव्हा एका कानाला आणि गालाला ओला चुना लागलेला असायचा आणि आई पदराच्या टोकाने तो पुसायची.

बांधणारा होता लटारी मिस्त्री, पारशिवनीकडचा. वडिलांनी त्याच्यापुढे निळ्या कागदावरचा नकाशा पसरला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. "भिंतीचं समदं हाये जी यात. मानसाचं कायी नाही."

"माणसाचं काय हवं?" वडिलांनी विचारलं.

"टेपानं इटा मोजाच्या, बाबूजी. मानूस काठीनं."

ही त्याची रीत होती. घरात जो जिथे वावरणार, त्याला तो अनवाणी काठीला लावून उभा करायचा. गुडघ्याएवढी पायरी, उंचावलेल्या हाताएवढी फळी. वडील खुर्चीत बसले की डोळे जिथे येतील तिथे खिडकीची खालची कड. माझ्या खांद्याएवढी माझ्या दप्तराची खुंटी. मी वाढत गेले आणि खुंटी तिथेच राहिली. कॉलेजात गेले तेव्हा ती कमरेशी आली होती, तरी छत्री तिथेच अडकवायचे. या खुणा कोळशाच्या असायच्या, काम झालं की पुसल्या जायच्या. ओट्याची खूण मात्र चाकूने कोरायची, कारण तिला धरून दगड बसवायचा असतो.

त्या दिवशी तो म्हणाला, "घरची बाई उभी राहा जी इथं. कोपर वाकवा."

आई पुढे झाली. लटारीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि काठी मागे घेतली. तुमचे मामाआजोबा तेव्हा तिच्या पोटात होते.

"पोटुशी बाईले काठी लावत नाही मी. आमच्याकडं कोनीच लावत नाही."

"मग काय, पोर होईपर्यंत ओटा थांबून राहणार?" हा आवाज आत्याचा. वडिलांची मोठी बहीण आमच्याकडेच राहायची. उंचीला वडिलांच्या बरोबर, आणि दारातून जाताना सवयीने मान वाकवणारी. "माझं घे. स्वयंपाकघर काय हिच्या एकटीचं आहे?"

आत्या काठीला पाठ लावून उभी राहिली, फोटो काढायला उभी राहावी तशी. लटारीने तिच्या कोपराखाली चार बोटं मोजली, खाच कोरली. मग एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि स्वतःशीच पुटपुटला, "हिच्यासाठी अजून चार बोटं कमी कराले लागन." मी शेजारीच होते. मी ऐकलं. मला वाटलं, मोठ्या माणसांनीही ऐकलं असेल.

पुढच्याच आठवड्यात गावाहून निरोप आला की धानाची रोवणी सुरू झाली, आणि लटारी पारशिवनीला गेला. मागे राहिला त्याचा जोडीदार मिस्त्री. तो इमानदार माणूस. त्याने काठी लावली, खाच पाहिली, आणि खाचेला धरून काळी फरशी बसवली. काम असं सफाईचं की पाण्याचा थेंब ठेवला तर हलू नये. चार बोटांची वजाबाकी लटारीच्या डोक्यात होती, काठीवर नव्हती.

*

बाळंतपणानंतर आई पहिल्यांदा नव्या ओट्याशी उभी राहिली तो दिवस मला आठवतो. नव्या रंगाचा वास होता, शेगडीत कोळसे फुलले होते. पोळी लाटताना तिची कोपरं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उचलली जात होती. ती सहसा बोलायची नाही. घर तिचं होतं, पण त्यातला आवाज आत्याचा होता.

रोवणी आटोपून लटारी आला, तो दाराशीच थांबला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आई वं! माह्या डोक्यात होतं, बाई, सांगाचंच राह्यलं. उद्याच फोडून देतो."

"फोडायचा काहून?" आत्या म्हणाली. "मले तर एकदम बरोबर होऊन राहिला." चिडली की आत्याची शाळेतली भाषा गळून पडायची आणि गावची बोली बाहेर यायची.

सगळे आईकडे पाहायला लागले. आईने ओले हात पुसले, देवघरातून सागवानी पाट आणला, ओट्याशी मांडला आणि त्यावर चढली. लाटणं उचलायच्या आधी तिची नजर समोरच्या खिडकीकडे गेली. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली.

"राहू द्या, मिस्त्री," ती म्हणाली. "इथून रस्ता दिसतो."

लटारीचं समाधान झालं नाही. त्याने आईला पाटावरून खाली उतरवलं, काठीला लावलं, आणि वरच्या खाचेखाली दुसरी खाच कोरली. "तुमचा माप असू द्या जी यावर. पुढच्या घराले कामी येईन."

"पुढचं घर?" आत्या हसली. "याचंच कर्ज फिटता फिटत नाही आणि म्हणे पुढचं!"

आईने काठी दाराआड उभी केली.

पाटाचं म्हणाल तर आत्याला तो सुरुवातीला रुचला नाही. "काय वं, सत्यनारायण बसवून राहिली का? पाटावर काय चढली!" आई म्हणाली, "पोळ्या करून राहिले, वन्सं." एवढंच. पण मला तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. पाटावर उभी राहिली की आई आत्याच्या उंचीची व्हायची. दोघींचे डोळे समोरासमोर यायचे. हळूहळू घरात एक बदल झाला. आईला काही सांगायचं असलं, माझ्या शिकण्याचं, इंग्रजी शाळेचं, कोणाला काय द्यायचं-घ्यायचं त्याचं, की ती ते पाटावरून सांगायची. लाटता लाटता, न थांबता, आवाज न चढवता. आणि आत्या कोथिंबीर निवडता निवडता म्हणायची, "बरं बाई."

त्या खिडकीतून आई काय काय पाहायची! हिवाळ्यात संत्र्यांच्या बैलगाड्या जायच्या, टोपल्यांवर गवत अंथरलेलं, आणि गाडी गेल्यावरही रस्त्यावर सालीचा आंबटगोड वास रेंगाळायचा. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की घरभर ओल्या मातीसारखा गारवा यायचा, खिडकीचं एक दार मात्र आई तेवढ्या उन्हातही उघडं ठेवायची. कोण येतंय ते दिसायला हवं ना. शाळेतून आम्ही कोपऱ्यावरच्या चिंचेपाशी वळलो की तिला दिसायचो. आम्ही चपला काढून आत येईपर्यंत तव्यावरची पोळी फुगलेली असायची. रोज. भाऊ मोठा होईपर्यंत समजत होता की आईला आमचा वास येतो. मला खरं कारण ठाऊक होतं, पण मी त्याला सांगितलं नाही.

आत्या गेली, त्या वर्षी वडिलांनी स्वतःहून विचारलं, "आता ओटा खाली करून घ्यायचा का?" आई म्हणाली, "छे." आणि पाट धुऊन उन्हात ठेवायला घेऊन गेली.

*

तर त्या दुपारी स्टुलावर बसून मी हसत होते ते यासाठी. अख्ख्या देशातल्या ओट्यांचं माप ठरवणाऱ्यांनी बहुधा आमच्या आत्यालाच उभं केलं असावं.

मी चपला काढून काठीला पाठ लावून उभी राहिले आणि कोपर वाकवलं. चार बोटं खाली मोजली. आईची खाच.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी खाली साईट ऑफिसात गेले. मागच्या इमारतीचं काम अजून चालू आहे, तिथे ऋतुजा नावाची इंजिनिअर मुलगी असते. पिवळं हेल्मेट, कानात छोट्या कुड्या, बोलणं भराभर.

"आजी, सगळे ओटे सेम हाइटचे असतात. भिंती साच्यात ओतलेल्या आहेत, दगड भिंतीत बसवलेला, खालून पाइप. तोडला तर खालच्यांच्या घरात पाणी जाईल. नाही होत."

"मी तोडायला सांगतच नाहीये," मी म्हटलं. "मी वर जाणार आहे."

मग तिला काठीची गोष्ट सांगितली. ती ऐकत ऐकत दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवत होती. "म्हणजे पाट ठेवणार? या टाइल्सवर? आजी, घसरून पडाल ना! असं काहून करता?"

"तीच पंचाईत आहे. माझा मुलगा पाट पाहील आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढेल."

ऋतुजाने कागद पुढे ओढला. पेन्सिलीने त्यावर चौकोन काढला, पुसला, परत काढला. "पाट नको. पूर्ण किचनचंच फ्लोअर उचलू. भिंतीपासून भिंतीपर्यंत. हलक्या विटांचा थर, वर फरशी. स्लॅबला हात नाही, भिंतीला हात नाही. मग पाय कुठेही टाका, घसरायला कडच नाही. दारात तेवढी एक पायरी येईल."

"उंबरठा," मी म्हटलं.

"हो, तोच. आमच्या एकाही फ्लॅटला नाही."

माप घ्यायला ती संध्याकाळी वर आली. हातात लाल उजेडाचं मोजायचं यंत्र होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं आणि माझी काठी उचलली. "उभ्या राहा आजी. कोपर वाकवा." मी लटारीच्या शिस्तीत चपला काढून उभी राहिले. तिने पेन्सिल टेकवली आणि थांबली. "तुम्ही स्वयंपाक अनवाणी करता?"

नाही करत. डॉक्टरांनी घरात जाड तळाच्या चपला घालायला सांगितल्या आहेत. इतकी नीटनेटकी मी, आणि नेमकं तेच विसरले होते. आणखी थोडं असतं तर पुन्हा एकदा चुकीच्या बाईचं माप गेलं असतं. मी चपला घातल्या. पेन्सिलीची खूण जरा वर सरकली. ऋतुजाने ती चाकूने कोरली, आणि कागदावर आकडाही लिहिला, दोनदा. "डोक्यात नाही ठेवत मी काही," ती म्हणाली. गोष्ट तिने नीट ऐकली होती.

जुनं घर उतरवलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या लाल-पिवळ्या फुलांच्या फरश्या मी गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते सांगता आलं नसतं. त्या बरोबर पुरल्या असं म्हणणार नाही. कोपऱ्यात दीड फरशी कमी पडली, तिथे साधी पांढरी बसली आहे. माझ्या डोळ्यांना ती रोज खुपते आणि रोज थोडी कमी खुपते. काम चाललं तेव्हा घरात ओल्या सिमेंटचा वास होता. संध्याकाळी मजूर गेले की मी तांब्याने तराई करायचे, आणि कोणी पाहत नाही ना याची खात्री करून खाली वाकून कान लावायचे. वाकता येतं तेवढंच. आवाज आला की नाही, ते मी तुमच्या बाबाला सांगणार नाही. तो परत म्हणेल, भास आहे.

उंबरठ्याच्या कडेला ऋतुजाने चमकणारी पिवळी पट्टी चिकटवून दिली, ठेच लागू नये म्हणून. मी त्या पट्टीशेजारी हळदीचं बोट ओढलं. दोन्ही पिवळ्या रेघा शेजारी शेजारी बऱ्या दिसतात.

परवा सकाळी मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून तुमच्या बाबाला व्हिडिओ लावला आणि त्याला म्हटलं, "काही बोलू नकोस, नुसतं पाहा." मी गोळाभात केला. डाळीचे गोळे वळले, भातात सोडले, कढई एका हाताने फिरवून पाहिली, वर लसणीची फोडणी ओतली. खांदे जागेवर. टाचा जमिनीवर. वरच्या फळीवरचा हिंग मी न ताणता काढला, तोही त्याने पाहिला असावा. त्याने तोंड फोनच्या जवळ आणलं. मग म्हणाला, "गोळे फुटले नाहीत ना?"

"नाही."

"माझ्या वाटचे दोन जास्त ठेव," तो म्हणाला. "जूनमध्ये आम्हीच येतो."

एवढंच. मार्चचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. त्याने फोन ठेवल्यावर मी तिथेच उभी राहिले. त्याच वेळी मला ते दिसलं. आधी या खिडकीतून मला फक्त आकाश आणि समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. आता जवळजवळ चार बोटं वर आले, तर खिडकीच्या कडेवरून रस्ता दिसतो. कोपऱ्यावर ती चिंच आहे. अर्धी तोडलेली, वायरींत अडकलेली, पण तीच.

आईचा पाट बहुधा याच कोपऱ्यात होता, चार मजले खाली.

तर ईरा, निहार, तुम्ही दोघं उंच झाला आहात. आल्यावर काठीला उभं राहायचं आहे, दोघांनी, अनवाणी. वर भरपूर जागा आहे. आणि विमानतळावरून येताना रिक्षा चिंचेपाशी वळली की फोन करायचा नाही, बेल वाजवायची नाही. जिने चढू नका, लिफ्टने या. चपला काढून उंबरठा ओलांडाल, तेव्हा तव्यावरची पहिली पोळी फुगलेली असेल.

तुमची,
आजी